कॉमिक्स रद्दीत घालू नका, पण सगळ्यांना ‘मिंट’ही म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीची साफसफाई तोंडावर आलीये म्हणून मुद्दाम आत्ताच लिहितोय. गेल्या वर्षी माझे मोठे मामा गेले, लग्न केलेलं नव्हतं, गिरगावातल्या त्यांच्या खोलीच्या माळ्यावर पत्र्याच्या तीन ट्रंका निघाल्या आणि तिन्हीत नुसते कॉमिक्स. मोजले तर ११४० भरले. इंद्रजाल इंग्रजी आणि मराठी दोन्ही, अमर चित्र कथा, थोडे चांदोबा. आई म्हणाली रद्दीवाल्याला बोलव, निदान जागा तरी होईल. मेहुणा म्हणाला वेडे आहात का, २०२४ मध्ये अमेरिकेत सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा अंक ६० लाख डॉलरला गेला! आता त्या अंकाचा आणि आपल्या इंद्रजालमधल्या वेताळाचा, म्हणजे फँटमचा, काय संबंध, पण तेव्हापासून घरातले सगळे माझ्याकडे मी लॉटरीचं तिकीट लपवून बसलोय अशा नजरेने बघायला लागले.

तिकडे ग्रेडिंग हा रीतसर धंदा आहे. सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून कॉमिक तपासून ०.५ ते १० मध्ये मार्क देते आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवते, त्याला स्लॅब म्हणतात. मिंट म्हणजे अगदी कोरा करकरीत, ९.४ म्हणजे निअर मिंट, ६ म्हणजे फाइन, आणि २ म्हणजे गुड. गुड म्हणजे खरंतर बऱ्यापैकी फाटका, ही त्यातली गंमत. मी हिशोब करून बघितला, फी आणि जाण्यायेण्याचं कुरियर धरलं तर आपल्या बहुतेक अंकांना त्यांच्या किमतीपेक्षा डबीच महाग पडेल, म्हणून तो विषय सोडला.

शिवाय ती मार्कांची मोजपट्टी आपल्या मालाला नीट बसतही नाही. इंद्रजाल टाइम्सवाल्यांनी १९६४ ला सुरू केलं आणि १९९० ला बंद केलं, म्हणजे सगळ्यात नवा अंकसुद्धा निदान पस्तीस वर्षांचा झाला. साधा कागद, लोखंडी पिना आणि मुंबईचा पाऊस. पिनेभोवती आधी तपकिरी डाग पडतो, मग तो मधल्या पानांत उतरतो आणि एक दिवस पिन जागेवर राहते आणि मधलं पान हातात येतं. त्यात अर्धे अंक लायब्ररीतून फिरून आलेले, त्यांना कव्हरवर शिक्का, पाठीला खाकी पट्टी आणि वरून दोन जास्तीच्या पिना. कसर लागलेली वेगळीच.

म्हणून मी वहीत मार्कांऐवजी सरळ मराठीत लिहायला लागलो. पिन गंजली पण पान सुटलं नाही. कव्हर सुटं. पाठीला पट्टी. शिक्का. नाव लिहिलंय, पेनने का पेन्सिलने. आणि प्रत्येक अंकाची पानं मोजायची, हे मी ठेच लागल्यावर शिकलो. सुरुवातीला इंद्रजालमधल्याच बहादूर या हिरोचा एक अंक ऑनलाइन ‘उत्तम स्थिती’ लिहून नागपूरच्या एका गृहस्थांना विकला, त्यांनी फोटो पाठवला, आतल्या पानावरचं कूपन कातरलेलं होतं! मी कव्हर बघूनच लिहिलं होतं, आत उघडलंच नव्हतं. पैसे परत केले, माफी मागितली, लाज वाटली ती वेगळी.

मामांनी बरेचसे अंक बाइंड करून घेतले होते. वाटलं टाके उसवून सुटे विकावेत, जास्त येतील. पण बाइंडरने कडा कापून सारख्या केलेल्या, काही ठिकाणी वरचा नंबर अर्धा गेलेला, आणि दोरा काढला तरी पाठीतली भोकं राहणारच. उसवून फायदा शून्य, ते बाड तसंच्या तसं जाईल. चिकटपट्टी लावायचा मोहही टाळा, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि काढताना छपाई घेऊनच निघते.

अमर चित्र कथेत आणखी एक घोळ आहे. तेच पुस्तक परत परत छापलेलं, म्हणून जुनं म्हणजे पहिली छपाई असं धरू नका, छापलेली किंमत आणि मागच्या पानावरची पुस्तकांची यादी बघा, यादी जेवढी लांब तेवढी छपाई उशिराची. त्यांची ‘कृष्ण’ ११ नंबरची आहे, म्हणजे आधीचे दहा हरवले असं समजून मी आठवडाभर ट्रंका उपसल्या, नंतर कळलं की पहिले दहा परदेशी परीकथांचे होते. इंग्रजी इंद्रजालचे १२३ आणि १२४ पण असेच शोधत बसलो, ते तर संपामुळे निघालेच नव्हते.

एक डीलर ओळखीने घरी आले होते. चहा घेता घेता चाळीसेक स्वच्छ अंक बाजूला काढले आणि सगळ्या ट्रंकांचे मिळून वीस हजार म्हणाले. मी म्हटलं बाजूला काढलेले ठेवा, बाकीचे न्या वीस हजाराला. हसले आणि चपला घालून गेले. त्यावरून एवढं कळलं की भाव त्या चाळिसांचा होता आणि बाकीचे अकराशे नुसते ओझं म्हणून धरले होते, म्हणून आता चांगले अंक एकेक विकायचे आणि साधे दहा-दहाचे गठ्ठे करून, असं ठरवलंय. वेळ लागेल, लागू दे.

जाता जाता एक विचारायचं होतं, छापलंत तर उपकार होतील. मराठी इंद्रजालमधल्या जादूगार मँड्रेकच्या एका अंकाचं माझ्याकडे कव्हर आहे, पानं आहेत, फक्त मधली जोडी गायब आहे. कुणा वाचकाकडे उलटं असेल, म्हणजे मँड्रेकची मधली पानं आहेत पण कव्हर नाही, तर तुमच्या ऑफिसमार्फत कळवा. मी कव्हरचा फोटो पाठवतो. जुळलं आणि पुढे कधी विकलं तर ‘दोन अंकांतून जोडलेला’ असं लिहूनच विकीन.

आपला एक जुना वाचक,
डोंबिवली