टेक्सासच्या घरपट्टीची वाट दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

टेक्सासमध्ये राज्य सरकारची घरपट्टी नाही. काउंटी, शहर, शाळा, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट अशी सगळ्यांची मिळून ती होते. माफीचा अर्ज मात्र एकाच ठिकाणी, अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडे द्यायचा; पैसे भरतो त्या टॅक्स ऑफिसात नव्हे. इथल्या मराठी घरांतल्या अपंग माजी सैनिकांना हे तुम्ही समजावून दिलंत, म्हणून हे आभाराचं पत्र.

सर्वांत मोठा गोंधळ टक्क्यांचा. व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं सरकारी खातं, वेगवेगळ्या अपंगत्वांच्या टक्क्यांची सरळ बेरीज करत नाही. ६० आणि ५० मिळून ११० होत नाहीत. ६० गेल्यावर उरलेल्या ४० चे ५० टक्के म्हणजे २०, असे एकूण ८०. आणि ८० टक्क्यांना मिळते ती १२,००० डॉलरची सूट, तीही करातून नाही, मालमत्तेच्या मूल्यातून. कराचा दर २ टक्के धरला तर वर्षाला २४० डॉलर वाचतात. पूर्ण घरपट्टी माफ व्हायला १०० टक्के अपंगत्व तरी हवं, नाहीतर अपंगत्वामुळे नोकरी करता येत नाही म्हणून व्हीए १०० टक्क्यांच्या दराने भरपाई देते, असा निर्णय तरी हवा. ही दुसरी वाट कित्येकांना ठाऊकच नसते. ८० टक्क्यांचा आकडा असलेलं पान तेवढं जोडतात, आणि हक्काची माफी हातची जाते. व्हीएच्या पत्रातलं ते वाक्य शोधून त्याखाली रेघ मारायला तुम्ही लावलंत, त्याचं मोल फार मोठं आहे.

पूर्ण माफीसाठी फॉर्म ५०-११४, अंशतः सवलतीसाठी ५०-१३५. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळायला हवा. मुदत ३० एप्रिलची. पण १०० टक्केवाल्यांना ती चुकली तरी कर थकीत ठरण्याच्या तारखेपासून पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि भरलेला कर परत मिळतो. अर्जाला शुल्क नाही. पैसे घेऊन अर्ज भरून देतो म्हणणारी पत्रं येतात, ती सरळ फाडून टाकावीत.

आपल्या लोकांसाठी आणखी एक इशारा तुम्ही आवर्जून दिलात. घराच्या कागदावर भावाचं किंवा वडिलांचं नाव असेल, तर माफी सैनिकाच्या हिश्श्यापुरतीच मिळते. पती-पत्नीच्या नावाला ही अडचण नाही.

माफी मंजूर झाली तरी कर्ज देणारी बँक एस्क्रोमध्ये, म्हणजे घरपट्टीसाठी कर्जाच्या हप्त्यासोबत पैसे बाजूला ठेवते त्या खात्यात, जुनाच हप्ता कापत राहू शकते. मंजुरीचा कागद पाठवून फेरहिशोब मागायचा. एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची वर्गणी मात्र चालूच राहते, ती कर नव्हे.

सैनिकाच्या मागे राहिलेल्या पत्नीबद्दल तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी विशेष आभार. पूर्ण माफी असलेला सैनिक गेला, तर पुनर्विवाह न केलेल्या आणि त्याच घरात राहणाऱ्या पत्नीला ती पुढे चालू राहते. घर बदललं तर आधीच्या घरावर माफ झालेली डॉलरमधली रक्कम नव्या घराला लागू होते, मग नवं घर महाग असेल तर वरचा कर भरावा लागतो. पतीला जिवंतपणी अर्ज करायचा राहिला असेल, पण तो पात्र असेल, तरीही तिचा हक्क जात नाही. दुःखात असलेल्या बाईला हे कोणीतरी शांतपणे सांगायला हवं असतं. ताई, ते तुम्ही सांगता.

आपले कृतज्ञ,
टेक्सासमधील काही मराठी सैनिक कुटुंबं