वेबॅप्समधले फोल्डर आपले नव्हे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचे बांधलेले गाठोडे, टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरच्या वेबॅप्स फोल्डरमध्ये टाकली आणि काही सेकंदांत ॲप्लिकेशन आपोआप सुरू झाले, याचा तुझा आनंद ओळीओळीत दिसतो. मी मात्र एका वाक्यापाशी अडखळलो. वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइली तू ॲप्लिकेशनच्याच फोल्डरात ठेवतोस, म्हणजे सगळे एका जागी राहते, असे तू लिहिले आहेस. उत्तर लिहायला आजच बसलो, ते या वाक्यामुळे.

मीही एके काळी हेच केले होते. सर्व्हलेटमध्ये (वेबवरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासमध्ये) 'गेटरियलपाथ' वापरून फोल्डरचा खरा पत्ता काढायचा आणि त्याखाली 'अपलोड्स' नावाने फाइली साठवायच्या, अशी माझी सोय होती आणि काही महिने ती निर्वेध चालली. एका संध्याकाळी एका बटणावरच्या शब्दाचे शुद्धलेखन सुधारले, नवे वॉर बांधले, जुन्यावर टाकले आणि घरी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की कोणतेही कागदपत्र उघडत नाही. डेटाबेसात प्रत्येक फाइलचे नाव, आकार, तारीख, सगळे जागच्या जागी होते, पण क्लिक केले की ४०४, म्हणजे 'सापडले नाही'. बॅकअप होता, तोही फक्त डेटाबेसाचा.

टॉमकॅटने त्यात काहीच चुकीचे केले नव्हते, हे समजायला मला थोडा वेळ लागला. वॉर ही शेवटी एक झिप फाइल असते. तिच्या पोटात वेब-इन्फ, त्यात क्लासेस आणि लिब, आणि बहुधा वेब.एक्सएमएल. मूळ सेटिंग तशीच ठेवली तर टॉमकॅट ती उलगडून त्याच नावाचे फोल्डर तयार करतो, आणि त्याचा पार्श्वभूमीवरचा थ्रेड (समांतर चालणारे काम) दर १० सेकंदांनी काही बदलले आहे का ते पाहत राहतो. वॉर बदललेले दिसले की उलगडलेले फोल्डर तो समूळ पुसतो आणि नव्याने उलगडतो. त्याच्या लेखी खरी वस्तू वॉर; फोल्डर ही तिची सावली. सावलीत आपण सामान ठेवले, तर ते जाणारच. 'आधी जुने काढू, मग नवे टाकू' ही टापटीप तर आणखी महागात पडते, कारण चालू सर्व्हरखालून वॉर काढणे म्हणजे 'हे ॲप्लिकेशन आता नको' असे सांगणे. मग फोल्डर आणि तात्पुरत्या फाइलींची वर्क डिरेक्टरी तर जातेच, त्या ॲप्लिकेशनची सेटिंग ठेवणारी कॉन्टेक्स्ट फाइलही जाऊ शकते.

म्हणून जे टिकायला हवे ते वेबॅप्सच्या बाहेर. अपलोडसाठी स्वतंत्र डिरेक्टरी कर, तिची मालकी टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याला दे, आणि तिचा पत्ता कोडात न लिहिता कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये किंवा टॉमकॅट सुरू होताना चालणाऱ्या सेटएन्व्ह स्क्रिप्टमध्ये दे. डेटाबेसचा पासवर्डही तसाच बाहेर ठेव, म्हणजे चाचणीला गेलेले वॉर बाइटभरही न बदलता प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरला, जाईल. कॉन्टेक्स्ट फाइल कॉन्फ, त्याखाली कॅटालिना, त्याखाली लोकलहोस्ट अशा डिरेक्टरीत ठेवतात. तिथे फाइलचे नाव हाच ॲप्लिकेशनचा पाथ ठरतो. आत 'पाथ' लिहून उपयोग नाही. तिच्यातला 'डॉकबेस', म्हणजे ॲप्लिकेशन कुठे आहे तो पत्ता, मात्र वेबॅप्सच्या बाहेरचाच हवा, नाहीतर एकच ॲप्लिकेशन दोनदा डिप्लॉय होऊ शकते, म्हणजे दोनदा चालू होऊ शकते, आणि मग शेड्यूलरची (ठरल्या वेळी आपोआप होणारी) कामेही दोनदा होतात. एकाच ग्राहकाला एकच ईमेल दोनदा का जातो हे शोधण्यात मी एक पूर्ण दिवस घालवला आहे.

त्या १० सेकंदांची दुसरी गंमत तुला लवकरच भेटेल. संथ जोडणीवरून मोठे वॉर थेट वेबॅप्समध्ये कॉपी होत असेल, तर टॉमकॅट अर्धवट आलेली फाइलच उघडायला जातो आणि लॉगमध्ये झिप बिघडल्याची तक्रार उमटते. आपण मात्र वॉर पुन्हा पुन्हा बांधत बसतो. आधी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या डिरेक्टरीत ते पूर्ण उतरू दे आणि मग 'एमव्ही' या हलवण्याच्या आज्ञेने आत सरकव. एकाच फाइलसिस्टिममध्ये हे निव्वळ नाव बदलणे असते, त्यामुळे अर्धवट अवस्था कोणाला दिसतच नाही.

खरे तर प्रॉडक्शनवर 'ऑटोडिप्लॉय' (बदल दिसताच आपोआप डिप्लॉय करणे) बंदच ठेवावे आणि सर्व्हर थांबवून नवे वॉर टाकावे, असे माझे मत आहे. ॲप्लिकेशन थांबवले म्हणजे ते मेमरीतून गेले, असे नसते. तू सुरू केलेला एखादा थ्रेड बंद करायचा राहिला, एखाद्या थ्रेडलोकलमध्ये (थ्रेडच्या खासगी साठ्यात) वस्तू अडकली, तर तेवढ्या एका दोऱ्याला धरून जुना क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा) आणि त्याचे सगळे क्लास तसेच लटकत राहतात. जावा ७ पर्यंत अशा पाच-सहा रीडिप्लॉयनंतर पर्मजेन, म्हणजे क्लास ठेवायची मेमरी, भरल्याचा संदेश येई. जावा ८ पासून तिच्या जागी मेटास्पेस आले, तरी गळती गळतीच राहिली. टॉमकॅट थ्रेडचे नाव घेऊन लॉगमध्ये तसे बजावतो, पण ॲप्लिकेशन चाललेले असले की ती ओळ कोण वाचतो?

सर्व्हर न थांबवता बदल करायचाच असेल, तर टॉमकॅट ७ पासून समांतर डिप्लॉयमेंट आहे: फाइलच्या नावात दोन हॅश (##) आणि पुढे आवृत्ती. जुन्या सेशनची माणसे जुन्या आवृत्तीवर राहतात, नवी नव्यावर जातात. फक्त आवृत्तीची तुलना अक्षरांप्रमाणे होते, म्हणून ९ ही १० पेक्षा मोठी ठरते. ००९, ०१० असे लिही.

आता तुझा प्रश्न. टॉमकॅट ९ वर चालणारे ॲप्लिकेशन १० वर सुरू होते, पण प्रत्येक पानावर ४०४ देते, याचे कारण बहुधा पॅकेजचे नाव. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटचे क्लास 'जावाएक्स' सोडून 'जकार्ता'खाली गेले, त्यामुळे जुन्या नावाच्या ॲनोटेशन (कोडातल्या खुणा) तो ओळखतच नाही. तात्पुरते म्हणून वॉर 'वेबॅप्स-जावाईई' या डिरेक्टरीत टाकलेस, तर टॉमकॅट ते स्वतः रूपांतरित करून घेतो. कायमचा उपाय म्हणजे इम्पोर्ट बदलणे आणि लायब्रऱ्यांच्या जकार्तावाल्या आवृत्त्या घेणे. मात्र सरसकट शोधून बदलू नकोस, 'जावाएक्स.एसक्यूएल' आणि 'जावाएक्स.नेमिंग' जावाच्याच आहेत आणि त्या जुन्याच नावाने राहतात.

एवढे करूनही 'लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना चालणारा कोड) सुरू होऊ शकला नाही' एवढेच म्हणून ॲप्लिकेशन बसले, तर कॅटालिनाच्या (टॉमकॅटच्या मुख्य) लॉगमध्ये शोधत बसू नकोस. शेजारी लोकलहोस्ट नावाचा, तारीख जोडलेला दुसरा लॉग असतो; खरा स्टॅकट्रेस, म्हणजे चूक कुठे झाली याचा माग, तिथे सापडतो. तो मला पाठव, आपण मिळून पाहू.

तोवर अपलोड्सचे फोल्डर आज रात्रीच बाहेर हलव. आधी सर्व्हर थांबव, प्रत घे, बाहेरच्या प्रतीतल्या फाइली मोजून पाहा, आणि मगच नव्या वॉरला हात लाव.

तुझा,
अनिरुद्ध