मागवला डायाफ्राम, पाठवला पिस्टन, आणि वर सल्ला: 'गाळात उतरू नका'

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या सेवा केंद्राशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. पाचव्यांदा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

मी पर्यटकांना स्कुबा डायव्हिंगला नेतो. ऑक्टोबरात, हंगाम सुरू होताना, मी सहा फर्स्ट स्टेज (श्वासाच्या रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा, हवेचा दाब उतरवणारा भाग) मागवल्या. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं: बॅलन्स्ड डायाफ्राम, म्हणजे लवचिक पडद्याच्या, सीलबंद कप्प्याच्या. आल्या त्या बॅलन्स्ड पिस्टनच्या, बाहेरून उघड्या भोकांच्या. बिलावर 'समतुल्य मॉडेल' असा शेरा. पाठवण्याआधी मला एका शब्दाने विचारलं नाही. पैसे भरलेले, पर्यटकांचं बुकिंग झालेलं, म्हणून मी त्या वापरायला घेतल्या. आता तुमची माणसं म्हणतात, "वापरल्यात म्हणजे स्वीकारल्यात."

या दोन्ही रचना समतुल्य नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन्ही सिलिंडरमधला 200 बार दाब उतरवून बाहेरच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण साडेनऊ बार वर आणून ठेवतात. सिलिंडर अर्धा संपला तरी दोघींचा हा मधला दाब हलत नाही, बॅलन्स्ड म्हणतात ते यालाच. इथपर्यंत मान्य. पण पिस्टनच्या रचनेत समुद्राचं पाणी थेट स्प्रिंगच्या कप्प्यात येतं आणि पिस्टन त्याच पाण्यात पुढे-मागे सरकतो. सीलबंद डायाफ्रामच्या रचनेत पाणी बाहेरच्या पडद्यापाशीच थांबतं, आतले हलणारे भाग कोरडे राहतात. पिस्टनला मी नावं ठेवत नाही. भाग कमी, हवा भरपूर सोडतो, लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात मीही आनंदाने वापरेन. पण मी देवबागला राहतो. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि तिचा गाळ आमच्या पाण्यात असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांपाशीही लाट जरा वाढली की रेव उठते. म्हणूनच मी सीलबंद डायाफ्राम मागवला होता. आवड म्हणून नव्हे.

रोज संध्याकाळी सगळी सामग्री विहिरीच्या गोड्या पाण्यात तासभर भिजवतो, भोकांतून पाण्याची धार सोडतो, धूळ-टोपी घट्ट लावूनच बुडवतो. तरी जानेवारीत होडीवरचा पोरगा म्हणाला, "दादा, ह्या फुसफुसता." फर्स्ट स्टेजच्या भोकांतून बारीक बुडबुडे येत होते. गेज लावून सहाही तपासल्या. तिघींचा काटा साडेनऊवर थांबायला हवा होता. तो चढत चढत पाच मिनिटांत बारावर गेला. एक उघडली तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रेव, मिठाचे पांढरे खडे, आणि पिस्टनच्या दांड्यावर नखाला लागेल असा ओरखडा. त्या ओरखड्यावर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, किती दिवस टिकणार?

मधला दाब असा चढला की पुढे काय होतं? तोंडातल्या सेकंड स्टेजची झडप साडेनऊला बसवलेली असते, ती जास्तीच्या दाबाने आपोआप उघडते आणि हवा सुटत राहते. मला हे सहा मीटरवर पाहावं लागलं. साताऱ्याहून आलेल्या एक ताई, आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली. तोंडातून हवेचा लोट सुटला आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होते. मी माझा ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, त्यांच्या तोंडात दिला, डोळ्यात डोळे घालून तीन श्वास घ्यायला लावले आणि सावकाश वर आणलं. त्या सुखरूप आहेत. पण दम रोखून वर सुटल्या असत्या तर?

हे सगळं मी काल फोनवर सांगितलं. अकरा मिनिटं थांबवून ठेवल्यावर जो गृहस्थ बोलायला आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही किती खोल नेता?" मी म्हटलं, सहा-सात मीटर, कधी आठ. त्यावर तो हसला. हसला, आणि म्हणाला, "मग सर, सात मीटरला कुठलाही रेग्युलेटर चालतो. सीलिंग थंड पाण्यासाठी असतं. तुमच्याकडे कुठे बर्फ आहे?" मी म्हटलं, बर्फ नाही, गाळ आहे. तर म्हणाला, "मग गाळात उतरू नका." मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी उतरलात? उत्तर नाही. पुन्हा तेच, "सात मीटरला काही फरक पडत नाही, सर."

फरक पडतो. सहा मीटरवर दाब 1.6 बार असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून माणूस पृष्ठभागावर आला, तर ती हवा फुफ्फुसात 1.6 पट व्हायला बघते. तीस मीटरवरून चोवीसवर येताना तीच सहा मीटर, पण हवा जेमतेम 1.18 पट होते. उथळ पाण्यातच फुफ्फुस फाटायचा धोका मोठा, आणि उथळ पाण्यातच आम्ही नवखी माणसं नेतो. हे तुमच्या कंपनीत फोन उचलणाऱ्याला माहीत नसावं, याचा मला संताप येतो.

सीलिंग थंडीसाठी असतं, हे अर्धंच खरं. रेग्युलेटरसाठीचं युरोपातलं ईएन 250 मानक थंड पाणी म्हणतं ते दहा अंशांखालच्या पाण्याला. आमच्याकडे त्याचा संबंधच नाही. पण जो पडदा गोठणं अडवतो, तोच रेव अडवतो. तुमच्याच पुस्तिकेत ही दोन्ही कारणं शेजारी-शेजारी छापली आहेत. त्याच मानकात श्वासाला लागणारं काम 50 मीटरच्या दाबावर, मिनिटाला 62.5 लिटर हवेवर मोजतात. तिथे तुमचा पिस्टन उत्तम पास झाला असेल. त्या चाचणीच्या टाकीत कर्लीचा गाळ नसतो.

आणि वॉरंटी नाकारताना लेखी कारण काय दिलंत? 'वाळू व क्षार आत शिरल्याने झालेला बिघाड.' समुद्रात वापरायची वस्तू, तिच्यात समुद्र शिरला म्हणून ग्राहकाचा दोष! वाळू आत शिरू नये म्हणूनच मी डायाफ्राम मागवला होता, आणि तुम्ही पिस्टन पाठवला.

माझ्याकडे तुमच्याच कंपनीच्या चार जुन्या सीलबंद फर्स्ट स्टेज आहेत. याच पाण्यात पाच हंगाम झाले, वर्षाची सर्व्हिसिंग सोडली तर तक्रार नाही. त्या विश्वासावर पुन्हा तुमच्याकडे आलो. मालवणात चार जणांना मीच तुमचं नाव सुचवलंय. आता त्यांच्यासमोर काय तोंड दाखवू?

सहाही फर्स्ट स्टेज परत घ्या आणि ऑर्डरप्रमाणे सीलबंद डायाफ्रामच्या द्या. दुरुस्ती नको. ये-जा तुमच्या खर्चाने; मुंबईला मी पार्सल पाठवणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, मी स्वतः पाण्यात उतरतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा माणसालाही ग्राहकच म्हटलंय, आणि मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

बिघडलेल्या तिन्ही वेगळ्या काढून, उघडलेल्या पिस्टनसकट, चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत. उरलेल्या तिघीही मी पाण्यात नेत नाही. चार सेटवर हंगाम चाललाय, रोज माणसं परत पाठवतोय.

आपला ग्राहक,
देवबाग, ता. मालवण

ता. क. : कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच. ते हसणं स्वतः ऐका.