सत्त्याहत्तर पत्ते आणि एक

॥ श्री ॥

सावंतवाडी,
रविवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझे ते भविष्याचे टॅरो पत्ते पार्सलने पाठवतोय. तुतारी एक्सप्रेस पकडायच्या गडबडीत, खरं तर रागात, तू ते माझ्या उशाशीच विसरलीस. आईने डबा दोन दिवस माळ्यावर टाकला होता. तिसऱ्या दिवशी तिनेच काढला, पदराने पुसला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "चेडवाचा सामान परत धाड." एवढंच. यावरून काय समजायचं ते समज.

मी बरा आहे. स्टेंट मुकाट्याने आपलं काम करतोय, आपल्या घरात असा तो एकटाच. सकाळी मोती तलावाला पूर्ण फेरी मारतो, आईला अर्धी सांगतो.

तू झोपतेस ना?

त्या रात्रीबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं होतं, मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि तू म्हणालीस, "बाबा, एक पत्ता काढा बघू." काढला तो नेमका तेरावा. पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा. तुझा चेहरा क्षणभर उतरला, तो मी पाहिला बरं का. मग तू म्हणालीस, "घोडा पांढरा, हातात निशाण, पुढ्यात भटजी हात जोडून. बाबा, ही तर वरात आहे!" त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. आणि दारात आई. "बापाच्या उशाक मरण मांडून हसतंस गो?" पुढचं आख्ख्या आळीला पाठ आहे.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बेबीआत्याच्या पाटल्या कुठे गेल्या, भविष्य सांगणारा तो माणूस ओसरीवर बसून काय काय बोलायचा, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. पण गंमत ऐक. त्याच सकाळी तीच बाई देवळात जाऊन माझ्यासाठी कौल लावून आली होती. उजवा झाला म्हणून गाभाऱ्यातच रडली, असं गुरवाने मला नंतर सांगितलं. तेव्हा भीती सगळ्यांचीच. कुणी ती देवापुढे मांडतं, कुणी पत्त्यांत.

ही तुझी बाजू घेणं नव्हे. मी अजूनही म्हणतो, उद्या काय होणार हे छापील कागदाला कळत नाही. तूही तेच म्हणतेस, हे मला उशिरा कळलं. मी वाचलं जरा. हे पत्ते पंधराव्या शतकातले, इटलीतले. तीनशेहून अधिक वर्षं लोक त्यांनी नुसते डाव खेळत होते. भविष्य बघायचं खूळ फ्रान्समध्ये शिरलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे आपला हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा गंजिफाच की! तुझे अठ्ठ्याहत्तर, आपल्या दशावतारीचे एकशे वीस. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. चितारआळीत मी तुला खांद्यावर बसवून न्यायचो, आठवतं? चिंचोक्याच्या खळीच्या वासाने तू नाक दाबायचीस आणि गोल पत्ता दिसला की चाटायला बघायचीस. कूर्माचा एक पत्ता तू खरंच चाटलास. त्या म्हाताऱ्या चिताऱ्याने रागवायचं सोडून नवीन दिला होता.

आणि तुझ्या पत्त्यांतली चित्रं बाईने काढलीयत हे तू मला कधीच का नाही सांगितलंस? पामेला कोलमन स्मिथ. १९०९ साल, लंडन. छोटे, म्हणजे आकड्यांचे पत्ते पूर्वी बहुतेक नुसते ठिपकेवजा असायचे, आपल्या चौकट-बदामासारखे. हिने जवळजवळ प्रत्येकावर माणसं आणली. पैसे मिळाले किरकोळ, आणि जोड ओळखला जातो तो छापणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या नावाने. कॉर्नवॉलला १९५१ मध्ये गेली, तीही कर्जात. चौतीस वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केलेल्या माणसाला हे लागतं. भिंग लावून बघ, कोपऱ्याकोपऱ्यात तिने आपल्या अक्षरांची वेलांटी करून ठेवलीय. मी एकेक शोधत बसलो होतो. आई म्हणाली, आता हेका पण नाद लागलो.

आता कबुली. डब्यात तुझी छोटी वही होती. वाचायची नव्हती. चार पानं वाचली. माफ कर. रोज एक पत्ता, खाली 'काय दिसतं', 'कशाची भीती', आणि मग त्याला ठेवलेलं नाव. वीज पडून कोसळणारा मनोरा: 'एप्रिलमधला फोन. इमारत गेली, पण पडणाऱ्या बाईचा मुकुट जागेवर.' मी एकटाच मोठ्याने हसलो. त्या फोननंतर तू आम्हाला "ठीक आहे" एवढंच म्हणाली होतीस, आणि आम्हीही तेवढ्यावर गप्प बसलो. मग तो वर बघत कड्याकडे निघालेला वेडा, पायाशी कुत्रा: 'बाबा. फणस बघत चाललेत. पुढे गटार.' मने, गुडघ्यावरची खूण अजून आहे, आणि फणस खरोखरच मोठा होता.

हे असं करायला धीर लागतो. भीतीचं नाव घेऊन तिची टर उडवायची, हे मला या वयात जमत नाही. मी आपला भिंतीकडे तोंड करतो.

पण एक पत्ता पुन्हा पुन्हा येतो तुझ्या वहीत. तलवारींची नव्वी. रात्री बिछान्यात उठून बसलेली, तोंड हातात धरलेली ती. खाली नाव: 'तीनची मीटिंग.' विनोद चांगला आहे. पण चार पानांत तीनदा आलाय, आणि पत्त्याचे कोपरे बाकी सगळ्यांपेक्षा मऊ पडलेत. पत्ते पिसून काढते असं म्हणतेस ना? मग हा एवढा हाताळलेला कसा? हा काढलेला नाही, शोधून घेतलेला वाटतो.

रात्री दूध घेत जा, जायफळ उगाळून. फोन उशाशी ठेवू नकोस. दहानंतर ऑफिसचं काही उघडायचं नाही. घरी ये म्हणत नाही, पण तिथे एकटीने काय ते… बघ, सुरू झालो. पट्टी घेऊन वर्गात शिरलो. राहू दे. दूध तेवढं घे.

मागे तुला असं झालं होतं तेव्हा, म्हणजे बारावीनंतर, तू माझ्या खोलीत येऊन नुसती बसायचीस. मी काही विचारायचो नाही, रंग घोटत राहायचो. तेव्हा विचारायला हवं होतं की तेच बरोबर होतं, मला आजही कळत नाही. म्हणून आता पत्रात दोनदा विचारतो. झोपतेस ना?

डब्यात तुझे सत्त्याहत्तरच पत्ते आहेत. ती नव्वी मी ठेवून घेतलीय, टेबलाच्या काचेखाली. बदली एक काढून घातलाय, त्याच मापाचा. बाई तीच, बिछान्यात बसलेली. गोधडी आपल्या आजीची केलीय, त्या जुन्या नऊवारीच्या काठांची. मागे भिंतीवर तलवारींच्या जागी नऊ उलथनी. ती आईने सांगितली, आणि सहाव्याचा दांडा वाकडा काढायला लावला, कारण आपला आहे. दारातून एक हात दिसतोय, पेला धरलेला. हात नीट जमला नाही, आई समोर बसून राहिली तरी. बोटं हलवत होती.

वरून वॉर्निश मारलंय आणि आज दमट आहे. शेजारच्या पत्त्याला चिकटलं असेल तर ओढू नकोस, वाफेवर धरून हळूच सोडव.

तुझा,
बाबा