संशोधन आमच्या आवाक्यातलं नाही, हे ठरवलं कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याने विद्यापीठांना थोडं थोडं वाटत बसू नये, मुंबई-पुण्यासारख्या एक-दोन विद्यापीठांच्या पाठीशी भक्कम पैसा उभा करावा आणि तिथे जागतिक दर्जा घडवावा, असं सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखक अभ्यासू आहेत, भाषाही सभ्य आहे. पण बाकीच्या विद्यापीठांनी पदव्या द्याव्यात, शिकवावं आणि संशोधनाच्या फंदात पडू नये, हा त्यातला सूर मला सहन झाला नाही. रात्र गेली तरी राग गेला नाही, म्हणून हे पत्र.

मी अशाच एका ‘बाकीच्या’ विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. नाव लिहीत नाही. तिथे माझे सहकारी अजून नोकरीत आहेत, आणि नाव बदललं तरी हकिकत फारशी बदलणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी रोशा गवताच्या तेलावर पीएच.डी. करत होती. रोशा गवत तुमच्या शहरी वाचकांना ठाऊक नसेल. खानदेश, निमाड आणि मेळघाटच्या डोंगरउतारांवर ते आपोआप उगवतं. त्याच्या तेलाला गुलाबाच्या जवळचा वास असतो, आणि तो येतो जिरॅनिऑल नावाच्या घटकामुळे. एके काळी हे तेल मुंबई बंदरातून जहाजांनी तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. या गवताच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियात जिरॅनिऑल भरपूर, सोफियात कमी, त्यामुळे भावात मोठा फरक. गवत कापायचं कधी, फुलोऱ्याच्या आधी की नंतर, कोणत्या उतारावरचं, कापल्यावर किती वेळ सुकवून मग भट्टीवर चढवायचं, यावर तेलाचा कस ठरतो. तिच्या घरची माणसं हे गवत कापायला जात, त्यामुळे प्रश्न तिने पुस्तकातून उचललेला नव्हता. उत्तर मिळालं असतं तर ते थेट तिच्या गावाच्या उपयोगाचं होतं. आवाक्याबाहेरचं संशोधन म्हणतात ते हे का?

तेल काढायला काचेचं क्लेव्हेंजर उपकरण पुरतं. ते आमच्याकडे होतं. पण तेलात काय काय आहे आणि किती आहे हे सांगायला जीसी-एमएस हे घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र लागतं. तेही आमच्याकडे होतं, आणि हेच माझं दुखणं आहे. केंद्राच्या एका योजनेतून ते यंत्र आलं तेव्हा विभागात पेढे वाटले होते. योजनेने यंत्राचे पैसे दिले, ते चालवणाऱ्या माणसाचे दिले नाहीत. तंत्रज्ञाचं पद राज्याने मंजूर करायचं होतं. ते झालं नाही. वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभालीचा करार विद्यापीठाने आपल्या सर्वसाधारण निधीतून करायचा होता, आणि त्या निधीतून आधी परीक्षा, मग वीजबिल, मग कंत्राटी सफाई कामगारांचे पगार. या यंत्राचा व्हॅक्युम पंप सतत चालू राहावा लागतो. आमच्याकडे वीज जायची, यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या, नव्यांचा प्रस्ताव लेखा विभागातून शेरा मारून परत आला. एका उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा अंदाज आला तो विभागाच्या वर्षभराच्या तरतुदीहून मोठा होता. मी निवृत्त झालो तेव्हा त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं.

मग नमुने पुण्याला पाठवायचे. तिथल्या एका नामांकित संस्थेत पैसे भरून तपासणी होते. तिथलं वेळापत्रक असं की आधी संस्थेचे स्वतःचे विद्यार्थी, त्यांतून वेळ उरला तर बाहेरचे, आणि बाहेरच्यांना दरही वेगळा. ही मुलगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्मासमध्ये बर्फ भरून, त्यात तपकिरी बाटल्या ठेवून निघायची. कधी तिच्या हातून बाटल्या ठेवून घेतल्या जायच्या आणि नंबर पुढच्या महिन्यात लागायचा. कधी तिथलंच यंत्र बंद असायचं आणि ते निघण्यापूर्वी कोणी कळवलेलं नसायचं. रोशाचं तेल उडून जाणारं असतं. उष्णता, उजेड आणि हवा लागली की त्याचे घटक बदलू लागतात. आज काढलेलं तेल आज तपासलं तर एक उत्तर येतं, कित्येक आठवड्यांनी तपासलं तर दुसरंच. ज्या फरकावर तिचा प्रबंध उभा होता, तोच फरक बसच्या डिकीत आणि दुसऱ्यांच्या फ्रीजमध्ये पुसला जात होता.

आणि यंत्राने काढलेल्या आलेखात एखादं अनपेक्षित शिखर, म्हणजे अनोळखी घटकाची खूण, दिसलं तर? ज्याच्या खोलीशेजारी यंत्र आहे, तो त्याच दुपारी दुसरा नमुना टोचून खात्री करतो. तासाभराचं काम. तिला मात्र पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा नंबर, आणि तोवर डोंगरावरचं गवत वाळून गेलेलं. पुढचा फुलोरा पुढच्या वर्षी. शेवटी तिने कापणीच्या वेळेचा सगळा भाग प्रबंधातून काढून टाकला आणि जे सिद्ध करता येईल तेवढंच लिहिलं. पदवी मिळाली. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, की नमुने इतके शिळे का, आणि कापणीच्या वेळेचा अभ्यास का केला नाही? ती गप्प उभी राहिली. उत्तर मी दिलं, पण तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी विसरलेलो नाही. विषय सुचला तिला, डोंगर चढली ती, आणि अपुरेपणाचा शिक्काही तिच्याच कामावर बसला.

आता लेखातल्या ‘गुणवत्तेनुसार निधी’ या मुद्द्याकडे येतो. गुणवत्ता मोजायला लेखकांनी एनआयआरएफची, म्हणजे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची, शिक्षणसंस्थांची क्रमवारी घेतली आहे. त्या क्रमवारीत अध्यापनाची साधनं आणि शिक्षकसंख्या यांना ३० टक्के भार, संशोधनाला आणखी ३० टक्के. ज्यांना पदं आणि यंत्रं मिळाली ते वर जाणार, आणि वर गेले म्हणून त्यांना पुन्हा पदं आणि यंत्रं द्यायची. ज्याच्या विहिरीला पाणी त्यालाच मोटर मंजूर करायची आणि कोरड्या विहिरीवाल्याला शेती जमत नाही म्हणायचं, असा हा हिशेब आहे.

राज्याचं नियमित अनुदान म्हणजे मुख्यतः मंजूर पदांचे पगार. पैसा पदांच्या मागे जातो, आणि पदं जुन्या विद्यापीठांकडे आहेत. मुंबई १८५७चं, नागपूर १९२३चं, पुणे १९४८चं. अमरावती १९८३ला आलं, जळगाव १९९०ला, नांदेड १९९४ला, सोलापूर २००४ला आणि गडचिरोलीचं गोंडवाना २०११ला. जुन्यातून नवं विद्यापीठ निघतं तेव्हा महाविद्यालयं वाटली जातात. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय जुन्याकडेच राहतात, त्यांची वाटणी होत नाही. त्यात यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, कायद्याचं कलम १२ (ब). १७ जून १९७२ नंतर स्थापन झालेल्या विद्यापीठाला केंद्राचं अनुदान हवं असेल तर आधी पुरेसे शिक्षक आणि इमारती दाखवून पात्र ठरावं लागतं. मी वर लिहिलेली अमरावतीपासूनची पाचही विद्यापीठं या तारखेनंतरची आहेत. शिक्षक द्यायचे राज्याने, इमारती बांधायला पैसे द्यायचे राज्याने, ते दिले नाहीत की केंद्राचं दार बंद, आणि दार बंद राहिलं की ठपका विद्यापीठावर.

विद्यापीठाची स्वतःची कमाई म्हणजे परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क. मुंबई-पुण्यात लाखो विद्यार्थी, शेकडो महाविद्यालयं, त्यामुळे त्यांच्याकडे गंगाजळी साठते. आमच्याकडे महाविद्यालय लहान आणि परीक्षा केंद्र लांब. सिरोंचा हा तालुका गडचिरोली जिल्ह्यातच आहे, पण गडचिरोली शहरापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे प्रश्नपत्रिका पोचवायला, भरारी पथक पाठवायला खर्च जास्त आणि शुल्क देणारी मुलं कमी. शुल्क वाढवा, असं सांगणाऱ्यांनी एकदा तिथल्या पालकांसमोर उभं राहून ते सांगावं.

पुण्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. उलट लेखकांनी एक गोष्ट सांगायला हवी होती. २०२४च्या एनआयआरएफमध्ये राज्य विद्यापीठांच्या यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिसरं होतं, २०२५मध्ये ते अकरावं झालं. तिथेही प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी करोनाचं कारण देऊन पदभरती थांबवली, आणि भरतीची ती खीळ पुढे वर्षानुवर्षं निघाली नाही. म्हणजे जे विद्यापीठ लेखकांना जगाच्या नकाशावर न्यायचं आहे, त्यालाही राज्य धड पोसत नाही. मग पुण्याचं पोट भरण्यासाठी नांदेड-गडचिरोलीच्या ताटातलं काढा, हा उपाय कुठून आला? पुण्याच्या जागा भरा, आमच्याही भरा.

प्रादेशिक असमतोलाचं नाव काढलं की पुण्यातले विद्वान कंटाळतात, हे मला माहीत आहे. तरी आठवण देतो. राज्याने नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ साली मागे पडलेल्या भागांच्या विकासाचा अनुशेष मोजला तेव्हा तो ३,१८६ कोटींचा निघाला होता, आणि मोजलेल्या क्षेत्रांत शिक्षणही होतं. संविधानाच्या कलम ३७१ (२)मध्ये तांत्रिक शिक्षणाच्या सोयींची न्याय्य व्यवस्था हे शब्द आहेत. त्या कलमाखालच्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. ती संपली तेव्हा किती अग्रलेख आले?

जानेवारी २०२५पासून केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे आमच्या मुलांना जगातली हजारो संशोधनपत्रं मोफत वाचता येतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी. मी या योजनेचं मनापासून स्वागत करतो. जे वाचण्यासाठी आम्ही पूर्वी मुंबईच्या मित्रांना विनवण्या करत होतो, ते आता गावात बसून वाचता येतं. पण वाचलं ते करून बघायला यंत्र लागतं. नियतकालिकांच्या बाबतीत देशाने ठरवलं की विद्यार्थी कुठल्या विद्यापीठाचा हे विचारायचं नाही. यंत्रांच्या बाबतीत राज्याला हे का ठरवता येत नाही?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात एक मध्यवर्ती उपकरण केंद्र असावं आणि यंत्राबरोबरच तंत्रज्ञाचं पद आणि दहा वर्षांचा देखभाल खर्च एकाच शासन निर्णयात मंजूर व्हावा. ते होईपर्यंत राज्याच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत राज्यातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तोच दर आणि तीच रांग असावी. यातल्या दुसऱ्या गोष्टीला नवा पैसा जवळजवळ लागत नाही. एक परिपत्रक पुरेल.

आणि संपादक महोदय, थोडं तुमच्याबद्दल. आमच्या विद्यापीठाची बातमी तुमच्या राज्य आवृत्तीत येते ती पेपर फुटला, निकाल लांबला किंवा अधिसभेत गोंधळ झाला म्हणून. आमच्या मुलांना राष्ट्रीय परिषदेत पारितोषिक मिळालं तेव्हा मी स्वतः बातमी पाठवली होती. ती जिल्हा पुरवणीत, एका शुभेच्छांच्या जाहिरातीखाली चार ओळींत आली, आणि विभागाचं नावही चुकलं. त्यावर पाठवलेल्या दुरुस्तीची दखल घेतली गेली नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकाला आमच्याकडच्या कॉप्याच तेवढ्या दिसत असतील तर कालच्या लेखासारखे लेख त्याला पटणारच.

येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी प्रत्येक विद्यापीठाची मंजूर पदं, भरलेली पदं, वेतन अनुदान आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च असा तक्ता पहिल्या पानावर छापा. माहिती शासनाकडे आहे, मागणारा हवा. जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर कलमं आणि समित्यांचा भाग कापा, रोशा गवताचा कापू नका.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक