बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, आणि आईसाठी थोडं जास्त

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की हे पर्यावरणाचं तत्त्वज्ञान, प्राण्यांशी कसं वागावं यावर लिहिणं, सगळं ठीक आहे, पण यात माणसाचं करिअर कसं होतं? मी काहीतरी बोलून विषय बदलला. नंतर झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं. बाबा, तुम्ही चिडून विचारलं नव्हतं, काळजीने विचारलं होतं, आणि काळजीने विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला पाहिजे. फोनवर ते होत नाही म्हणून लिहितेय. लांबेल. चष्मा लावून सावकाश वाचा.

उत्तर म्हणून मी तुम्हाला एका बाईबद्दल सांगते, जिच्यामुळे मी या विषयाकडे वळले. मेरी मिजली. इंग्लंडची तत्त्वज्ञ. जन्म 1919चा, गेली 2018 मध्ये, म्हणजे 99 वर्षं जगली आणि शेवटचं पुस्तक त्याच वर्षी आलं. पण मला तुम्हाला शेवट नाही सांगायचा, मधलं सांगायचंय.

1938 साली ती ऑक्सफर्डला समरव्हिल कॉलेजात शिकायला गेली आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. बरेचसे मुलगे सैन्यात गेले, वर्ग लहान झाले आणि शिक्षकांना या मुलींकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला. आयरिस मर्डॉक, फिलिपा फूट, एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या तिच्या मैत्रिणी तेव्हाच्याच, चौघीही पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजल्या. मेरीचं म्हणणं होतं की एरवीच्या काळात बायकांचा बराचसा चांगला विचार नुसता कुणाला ऐकूच येत नाही म्हणून फुकट जातो. पहिला वर्ग मिळाला, पीएचडी सुरू केली, ती पूर्ण झाली नाही. रेडिंगला विद्यापीठात शिकवायला लागली, 1950 मध्ये लग्न झालं, ती नोकरी सोडून नवऱ्याच्या नोकरीच्या गावी न्यूकॅसलला आली. तीन मुलगे झाले. मग वर्षानुवर्षं घर, मुलं, अधूनमधून पुस्तकांची परीक्षणं, रेडिओवरची भाषणं.

बाबा, इथपर्यंतचा तिचा बायोडेटा तुमच्यापुढे ठेवला असता तर तुम्ही हळहळला असतात, पोरगी हुशार होती पण वाया गेली. आणि आई, तू काहीच बोलली नसतीस, उठून आत गेली असतीस. तू स्वतःबद्दल कधी बोलत नाहीस, पण एम.ए. अर्धवट राहिलं त्याची ती वही तू अजून कपाटात जपून ठेवलीयेस हे मला माहितीये.

त्या वर्षांत आणि पुढेही मेरी प्राण्यांबद्दल मिळेल ते वाचत होती. कोनराड लॉरेन्झ, जेन गुडॉल, म्हणजे जे लोक प्राण्यांजवळ बसून राहून, बघून लिहितात ते. त्यावेळचे तत्त्वज्ञ प्राण्यांबद्दल फारसं बोलतच नव्हते, बोलले तर 'माणूस म्हणजे जनावर नाही' एवढं म्हणायपुरतं. हिने उलट बाजूने सुरुवात केली. 1960च्या दशकात न्यूकॅसलच्या विद्यापीठात पुन्हा शिकवायला लागली, 1973 मध्ये पशुता या कल्पनेवर एक लेख लिहिला, आणि त्यातून वाढत वाढत पहिलं पुस्तक 1978 मध्ये आलं, 'बीस्ट अँड मॅन'. तेव्हा ती 59 वर्षांची! पहिलं पुस्तक! त्याचं पहिलंच वाक्य आहे की आपण प्राण्यांसारखे आहोत असं नाही, आपण प्राणीच आहोत. उशीर झाला याचं तिला वाईट वाटत नव्हतं, ती सांगायची की पन्नाशी चांगली ओलांडेपर्यंत मी पुस्तक लिहिलं नाही ते बरं झालं, त्याआधी मला काय वाटतं तेच मला माहीत नव्हतं. दोन वर्षांनी, 1980 मध्ये, नोकरीतून निवृत्ती घेतली आणि त्यानंतर डझनाहून जास्त पुस्तकं लिहिली. तुमच्या पिढीत निवृत्ती म्हणजे संपलं, आता देवदर्शन आणि नातवंडं, असं धरून चालतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर त्या पशुतेबद्दल. मला यातलं एकच उदाहरण सांगायचं तर लांडग्याचं सांगेन. कुणी क्रूर वागलं की आपण म्हणतो, माणूस आहे की जनावर. लबाड असला की लांडगा. मेरी म्हणते, हा लांडगा आपण पाहिलाय तो मेंढपाळाच्या डोळ्यांनी, आणि तोही कोकरू उचलतानाच्या त्या एका क्षणी. बाकीचा सगळा दिवस लांडगा काय करतो? कुटुंबाने राहतो, पिल्लांना भरवतो, एकमेकांना सांभाळून घेतो. म्हणजे आपण आपल्या आतला जो क्रूरपणा होता तो उचलून त्याच्या अंगावर टाकला आणि वर त्यालाच नाव ठेवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ. लहानपणापासून किती गोष्टी ऐकल्या, सगळ्यात लांडगा तोच.

बाबा, तुम्ही विचाराल की हे वाचून मी रोज बसून नेमकं काय करते? मागच्या आठवड्यात मी चार दिवस 'उपद्रव' या एका शब्दावर होते. रानडुकरांचा उपद्रव, माकडांचा उपद्रव. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, वर्षाची मेहनत एका रात्रीत मातीत जाते, तुम्ही शेतीच्या घरातले, तुम्हाला मी काय सांगणार, आणि ते नुकसान हलकं करून लिहिलं तर माझं लिहिणं खोटं ठरेल. पण त्या शब्दात डुकराची भूक कुठेच नाही, त्याचं रान कुणी कापलं ते नाही, तो रात्रीचा जीव मुठीत धरून येतो ते नाही. पुन्हा तोच, कोकरू उचलतानाचा एक क्षण. मग दोन्ही बाजू मावतील असं कसं लिहायचं, हे शोधत बसते. मेरी तत्त्वज्ञानाच्या कामाला प्लंबिंग म्हणायची. भिंतीतले पाइप असतात, सगळं ठीक चाललेलं असतं तोवर त्यांची कुणाला आठवण येत नाही, वास यायला लागला की फरशी उचलून बघावं लागतं. आपल्या विचारांखालीसुद्धा असेच जुने पाइप असतात. माझं काम ते आहे, फरशी उचलायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही दरवेळी विचारता, की माणसांचेच एवढे प्रश्न पडलेत, त्यात जनावरांचं कुठे घेऊन बसलीस. मेरीच्या 1983च्या पुस्तकात, 'अ‍ॅनिमल्स अँड व्हाय दे मॅटर'मध्ये, अगदी याच प्रश्नाला बरीच पानं दिलीयेत. ती म्हणते प्राण्यांचा विषय बाजूला सारायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे प्राण्यांचं काही मोजायचंच नाही, शून्य. असं आज फार कमी लोक उघड म्हणतात, तुम्हीही म्हणत नाही, रस्त्यात कुत्र्याला कुणी दगड मारला तर तुम्हीच ओरडता. दुसरी पद्धत म्हणजे त्यांचं महत्त्व आहे हो, पण रांगेत शेवटी, आधी माणसांचं होऊ दे. आणि माणसांचं कधी संपत नाही, म्हणून त्यांचा नंबर कधी लागत नाही. यावर तिने जे म्हटलंय ते मला फार पटतं, की करुणा म्हणजे काही मोजकाच साठा नाही, इकडे खर्च केला की तिकडे कमी पडेल असा. ती सवय आहे, वापरली की वाढते. बाबा, तुम्हीच बघा, आपल्या घरात म्हाताऱ्या माणसांचं सगळं कोण करायचं आणि मांजराला दूध कोण घालायचं? एकच माणूस. एकीकडे दिलं म्हणून दुसरीकडे आटलं असं आईच्या बाबतीत मी कधी पाहिलं नाही.

तिचं सगळंच मान्य करावं असं नाही. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचं 'अ‍ॅनिमल लिबरेशन' 1975 मध्ये आलं होतं, त्याचं म्हणणं जास्त रोखठोक, की दुःख ते दुःख, ते कुठल्या प्रजातीचं आहे याने फरक पडता कामा नये. मेरीला प्राण्यांची बाजू मान्य, पण आपल्या माणसांची ओढ वाटणं हा निव्वळ पूर्वग्रह आहे हे तिला पटत नव्हतं, कारण ती ओढ कळपाने राहणाऱ्या सगळ्याच प्राण्यांत असते आणि तिच्यातूनच बाकीची माया फुटते. मी स्वतः अजून या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. कत्तलखान्यांबद्दल वाचते तेव्हा सिंगर बरोबर वाटतो, त्यात माया-ओढ याने काही भागत नाही, तिथे कुणीतरी कडक बोलायलाच पाहिजे. मी लिहितेय त्या पुस्तकात याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

आणि तो रॉबिन्सन क्रुसो, जुन्या इंग्रजी कादंबरीतला, जहाज फुटून बेटावर अडकलेला. मेरीचा एक निबंध आहे, त्यात ती विचारते की क्रुसोला न्यायला जहाज आलं, तो आता कायमचा निघाला, आणि जाता जाता त्याच्या मनात आलं की बेट जाळून टाकावं, झाडं, बकऱ्या, सगळं, तर त्यात काही चूक आहे का? तिथे दुसरा माणूस नाही, कुणाशी करार नाही, कुणाचं नुकसान नाही. तरी आपल्याला आतून कसंतरी होतं. नीती म्हणजे माणसामाणसांतला करार असं जर धरलं तर हे कसंतरी होणं कुठे बसवायचं? मग ती यादीच काढते, करारात न बसणाऱ्यांची. गेलेले पूर्वज, अजून न जन्मलेले, तान्ही मुलं, भान गेलेली म्हातारी माणसं, प्राणी, झाडं, नद्या. या सगळ्यांशी आपलं काही देणं लागत नाही असं म्हणायची हिंमत आहे का? ती यादी वाचताना मला आजी आठवली, शेवटच्या वर्षी तिला कुणाचंच नाव आठवत नव्हतं आणि तरी बाबा तुम्ही रोज ऑफिसला जाताना तिला सांगून जायचात, येतो गं म्हणून. तिला कळत नव्हतं. तुम्ही सांगायचात.

आई, आता तुझ्यासाठी. मेरीने त्याच 1983च्या पुस्तकात माहुतांबद्दल लिहिलंय. काही शास्त्रज्ञ म्हणतात की प्राण्यांना माणसांसारख्या भावना आहेत असं मानू नका, ती कल्पना असते. मेरी म्हणते, हत्तीबद्दल माहुतांच्या काही समजुती चुकीच्या असतीलही, पण हत्ती खूश आहे, घाबरलाय, थकलाय, की चिडलाय हे रोजचं माहुताला बरोबर ओळखता आलं नाही तर त्याचा धंदा तर जाईलच, पण जीवही जाईल. म्हणजे ते ज्ञान आहे, रोज कसाला लागलेलं.

हे वाचताना मला आपली ती करडी मांजर दिसली. मी तेव्हा सातवीत असेन. तिने पिल्लं घातली माळ्यावर, मग तोंडात धरून एकेक खाली आणलं, कॉटखाली, तिथूनही हलवलं, आणि शेवटी तुझ्या कपाटाच्या खालच्या खणात. तू न बोलता खणातल्या साड्या काढल्यास, एक जुनी सुती तेवढी राहू दिलीस आणि कपाटाचं दार चार बोटं उघडं राहील असं मध्ये लाटणं अडकवलंस. मला म्हणालीस, तिला जागा पटत नव्हती, इथे अंधार आहे आणि एकच वाट आहे, ती वाटेकडे तोंड करून बसते बघ. आणि मी खरंच बघितलं, ती दाराकडे तोंड करून बसलेली होती, कान बाहेरच्या आवाजाकडे. बाबांनी आधी कटकट केली, घर आहे की गोठा, आणि संध्याकाळी स्वतःच एक खोका घेऊन आले. आई, तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. तू बघत होतीस म्हणून तुला माहीत होतं.

1950च्या दशकात मेरीने रेडिओसाठी एक भाषण लिहिलं होतं, की युरोपातले बहुतेक मोठे तत्त्वज्ञ अविवाहित होते, एकटे खोलीत बसून विचार करायचे, म्हणून त्यांना 'माझ्याशिवाय जगात दुसरं कुणी खरंच आहे का' असले प्रश्न पडले. पोटात मूल असलेल्या बाईने त्याच गोष्टीचा विचार वेगळ्या जागेवरून केला असता. बीबीसीने ते परत पाठवलं, घरगुती गोष्टी विचारांच्या क्षेत्रात घुसवल्यात म्हणून. मला त्या परत आलेल्या कागदांचं अजून वाईट वाटतं. पण घरात राहून जे बघितलं तेच तिचं भांडवल होतं, आणि त्याचं पुस्तक व्हायला पुढे जवळपास 25 वर्षं लागली.

तर बाबा, करिअर असं होतं. पायऱ्या नसतात, मधली बरीच वर्षं बाहेरून रिकामी दिसतात. माझं अनुवादाचं काम नियमित चालू आहे, भाडं आणि खर्च त्यातून निघतो, तुम्ही पैसे पाठवू नका. सकाळचे तीन तास माझे, पुस्तकाची चार प्रकरणं झालीत, पाचवं घरातल्या प्राण्यांवर आहे. ते अडलंय, आणि त्यासाठी मला आई हवी आहे.

आई, ती मांजर किती पिल्लं घेऊन आली होती, तीन की चार? मला आठवतंय की एक अशक्त होतं आणि ती त्याला सारखी बाहेर ठेवायची, तू परत आत ठेवायचीस, मग एका दिवशी तू ठेवणं थांबवलंस. का थांबवलंस ते मी तेव्हा विचारलं नाही, तुझा चेहरा बघून विचारवलं नाही. आता विचारतेय. तुला जसं सुचेल तसं लिही, त्या एम.ए.च्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यात लिही आणि बाबांना फोटो काढून पाठवायला सांग. घाई नाही. बाबा, तुम्ही तो खोका कुठून आणला होतात तेही लिहा.

तुमची,
चिऊ