मुळे तोडून नाणी काढू नका

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

हातात धरून चालवायचा मेटल डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो आणि आमच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यातही काही हौशी तरुणांच्या हाती तो दिसू लागला आहे. पडक्या घरांचे जोते, देवळांचे जुने पार, घाटाकडे जाणाऱ्या जुन्या वाटा अशा जागी ही मंडळी फिरतात. त्यांच्या कुतूहलाला माझा विरोध नाही. आपल्या भूमीच्या इतिहासाविषयी तरुणांना ओढ वाटते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु यंत्र वाजले की पिकास घालायचे आणि मध्ये झाडाचे मूळ आले की कोयत्याने छाटायचे, ही जी पद्धत रूढ होत आहे, ती वेळीच थांबावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. मनगटाएवढी मुळे छाटून तसाच उघडा टाकलेला एक खड्डा मी स्वतः एका जुन्या वडाच्या बुंध्याशी पाहिला आहे.

जुन्या झाडांखाली धातूच्या वस्तू सापडतात याला साधे कारण आहे. वाटसरू सावलीत टेकत, पाराभोवती बाजार भरे, देवापुढे पैसा ठेवला जाई आणि काही जण खूण राहावी म्हणून मुद्दाम झाडापाशीच ठेवा पुरत. शिवाय सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतून अनेक देवतांना अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) हलवावे लागले. त्या धामधुमीत कुठे काय पुरून ठेवले, याच्या कथा गावोगाव ऐकू येतात आणि खणणाऱ्यांना त्याच कथा चेतवतात. प्रत्यक्षात यंत्राने दाखवलेल्या जागी बहुतेक वेळा खिळा, कुंपणाची तार, बाटलीचे झाकण किंवा मोडक्या विळ्याचा तुकडाच निघतो. त्यातच आपल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असल्याने यंत्र पुष्कळदा काही नसतानाही वाजते, आणि नवशिका माणूस त्या आवाजामागे लागून झाडाचे अख्खे आळे उकरून काढतो.

यातली खरी अडचण खोलीची आहे. हौशी वापराच्या साध्या यंत्राला सुटे नाणे वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंतच कळते. झाडाला पाणी आणि पोषण देणारी बहुतेक बारीक मुळे नेमकी याच वरच्या थरात पसरलेली असतात. गोव्याच्या पठारी भागात तर मातीचा थर पातळ आणि खाली चिऱ्याचा कठीण कातळ, त्यामुळे मोठे झाडसुद्धा खोलीपेक्षा रुंदीवर उभे असते. अंगठ्याहून जाड मुळे एका बाजूने तुटली की झाडाचा तोल ढळतो, कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते आणि कूज आत सरकते. हे सारे त्या वर्षी दिसत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात असे झाड चार-पाच पावसाळ्यांनी एखाद्या वादळी रात्री कोसळते, आणि तोवर त्या खड्ड्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

दुसरे नुकसान इतिहासाचे आहे. नाण्यांच्या मडक्याला मुळांनी विळखा घातला असेल, तर ते मूळ तिथे पोहोचण्याआधीच मडके पुरलेले होते, एवढे तरी निश्चित सांगता येते. सागासारख्या झाडाच्या लाकडात वर्षागणिक कडी उमटत असल्याने जाणकाराला त्यावरून काळाचा अंदाजही बांधता येतो. मडके कोणत्या घडणीचे, त्याच्या शेजारी कोळसा आहे की कौलाचे तुकडे, नाणी थरांनी रचलेली की एकदम ओतलेली, या बारकाव्यांतूनच तो ठेवा कुणी आणि कोणत्या परिस्थितीत पुरला हे उलगडत जाते. मुळे आणि वाळवी वस्तू जागची हलवतात हे खरे, पण ती किती हलली हेही जागेवर पाहूनच कळते. मूळ तोडून ओढून काढलेले नाणे कदंब राजांच्या काळातील असो वा पोर्तुगीज काळातील बझारुक (हलक्या किमतीचे नाणे) असो, त्यामागची ही सारी साक्ष गेलेली असते. त्यावर कडी म्हणजे घरी आणून ते चिंच-मिठाने घासतात! देवाची तांब्याची भांडी तशी लखलखीत होतात, पण नाण्यावरची अक्षरे त्या घासण्यात पुसट होतात.

कायद्याची जाण तर जवळजवळ कुणालाच नसते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. (ती मर्यादा एकोणिसाव्या शतकातील आहे, आज तेवढ्यात कपभर चहा मिळणेही कठीण.) ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन-चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो, सरकारला तो हवा असेल तर किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश देऊन घेता येतो. दडवणाऱ्याचा वाटा मात्र जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. संरक्षित स्थळी तर परवानगीविना कुदळ मारणेच गुन्हा आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नानोडा-बांबर येथे एका शेतकऱ्याला काजूच्या बागायतीत मडक्यातली ८३२ तांब्याची नाणी सापडली आणि ती पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचली. ठेवा फुटून दहा घरांत वाटला गेला नाही, म्हणूनच त्याचा एकत्रित अभ्यास शक्य झाला. याच बांबर गावात निरंकाराची राई, म्हणजे देवराई, आहे. तिथल्या दलदलीत रानटी जायफळाच्या कुळातील झाडांची गुडघ्यांसारखी वाकलेली श्वसनमुळे चिखलातून वर आलेली दिसतात. देवाच्या भयाने त्या राईत सहसा कुणी कोयता चालवत नाही. यंत्र घेऊन येणाऱ्याला हे भय असेलच असे नाही, म्हणून देवराया आणि राखणदाराच्या (गावाचे रक्षण करणाऱ्या देवाच्या) जागा यांना या छंदातून पूर्णपणे वगळले पाहिजे.

स्वतःच्या परसात आंब्याखाली अंगठी किंवा मंगळसूत्र हरवले असेल, तर ते शोधण्यास हरकत नाही. माती पाण्याने भिजवून लाकडी काठीने आणि हाताने मोकळी करावी, मुळांच्या मधून किंवा बाजूने वस्तूपर्यंत जावे, उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने झाकावीत आणि काम होताच तीच माती दाबून पाणी घालावे. मूळ तोडल्याशिवाय वस्तू निघत नसेल, तर ती तिथेच असू द्यावी. वस्तू जुनी वाटली तर मात्र हातही लावू नये. खूण करावी, छायाचित्र काढावे आणि कळवावे.

पण कळवावे कुणाला, हा प्रश्न सामान्य माणसापुढे असतो. कचेरीच्या फेऱ्या आणि पोलिसांचा ससेमिरा यांच्या धास्तीनेच पुष्कळ जण गप्प बसतात. म्हणून पुरातत्त्व खात्याने प्रत्येक पंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोकणीत संपर्क क्रमांक व अर्जाचा नमुना लावावा, खबर देणाऱ्याला त्याच दिवशी लेखी पोच द्यावी आणि वस्तू झाडाच्या मुळांत असेल तर वनखात्याच्या जाणकाराला सोबत घेऊनच खणावे. तसेच मेटल डिटेक्टर विकणाऱ्यांना त्या खोक्यात या कायद्यांची माहिती देणारा एक कागद घालणे सक्तीचे करावे, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे मी संबंधितांना करीत आहे.

आपला नम्र,
एक बागायतदार
सत्तरी, गोवा